गुलाबी गोळीच्या गावाला

लोक प्रवासाला जातात तेव्हा देव बघतात, समुद्र बघतात, किल्ले बघतात. मी या संक्रांतीच्या सुमाराला प्रवासाला गेलो आणि लोकांच्या गोळ्या बघून आलो. कुणाच्या फडताळात, कुणाच्या पदराच्या गाठीला, कुणाच्या देव्हाऱ्यात कुंकवाच्या करंड्याला टेकून. चौथी शिकलेल्या माणसाने प्रवासाचं लिहू नये असं आमच्या धाकट्याचं मत आहे. तो बारावी झाला, आणि त्याने मोबाईलवर अंगठा दाखवण्यापलीकडे काही लिहिलेलं मी पाहिलेलं नाही. तेव्हा मी लिहितो. ज्याला शुद्धलेखन तपासायचं त्याने तपासावं. गाडी मी चालवली होती.

माझं नाव कचरू. आईची आधीची लेकरं जगली नाहीत, म्हणून देवाने याच्याकडे बघूही नये यासाठी हे नाव. देव फसला, मी सत्तरी ओलांडली. सगळे नाना म्हणतात. सातपूरच्या कारखान्यात लेथवर जन्म काढला, सुटलो तेव्हा जुनी जीप घेतली. तीच भाड्याने फिरवतो. पोरं म्हणतात विकून टाका. मी म्हणतो, आधी मला विका, मग जीप.

तर एका कॉलेजातल्या केतकी मॅडम जीप ठरवायला आल्या. डॉक्टर आहेत, पण गोळी देत नाहीत, प्रश्न विचारतात. याला संशोधन म्हणतात. त्यांच्याबरोबर रोहिणी सिस्टर, सटाण्याकडची, हसरी आणि हजरजबाबी. संशोधन दोन गोष्टींचं. एक, लोक डॉक्टरला न विचारता मनाने कोणती औषधं घेतात. दुसरं, बायकांच्या गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरची तपासणी.

मी विचारलं, "या दोन गोष्टी एका जीपमध्ये कशा?"

मॅडम म्हणाल्या, "नाना, बाई दुखणं अंगावर काढते, गोळीने दाबते आणि मग आमच्याकडे उशिरा येते. तोच तर अभ्यास आहे."

मी मान हलवली. त्यांना वाटलं मला पटलं. मला पटलं वगैरे काही नव्हतं. मी होकार दिला तो दुसऱ्याच कारणाने. त्यांच्या फिरतीत चांदवडच्या अलीकडचं एक गाव होतं, आणि त्या गावात माझी बहीण भिमा राहते. आमच्या घरातलं शेंडेफळ. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, एकटीने कांदा पिकवते. आठच दिवसांपूर्वी माझ्या बायकोने, हौसाने, चहाची कपबशी पुढे ठेवता ठेवता खालच्या आवाजात सांगितलं होतं, "भिमावन्संना अंगावरून जातंय. पाळी जाऊन वर्षं झाली, अन आता पुन्हा. मेडिकलमधून गोळी आणून थांबवतात. मी सांगितलं हे त्यांना कळू देऊ नका."

आता मला सांगा, हे ऐकून भावाने करायचं काय? बहिणीला असलं विचारता येत नाही. डॉक्टरणीला आपल्या बहिणीचं असलं सांगता येत नाही. पण तपासणीवाली जीप आपोआप तिच्या गावात गेली, गावातल्या सगळ्या बायांबरोबर तीही तपासून आली, तर कुणालाच काही बोलायला नको. माझी युक्ती मला फार आवडली. मी जीपचं तेल बदललं.

सातपूर

पहिला मुक्काम घरचाच. कारखान्यांच्या मागच्या वस्तीत मॅडमनी विचारपूस सुरू केली. रात्रपाळी करून आलेली माणसं डोळे चोळत दारात बसलेली. कंबरेसाठी गोळी, झोपेसाठी गोळी, झोप जाण्यासाठी गोळी. डॉक्टर कोण? तर मेडिकलवाला. त्याचं शिक्षण काय? तर त्याचं दुकान कोपऱ्यावर आहे, हे शिक्षण कमी आहे का? एकाने सांगितलं, आमच्याकडे गोळीचं नाव कुणी पाठ करत नाही. रिकामं पाकीट जपून ठेवायचं, दुकानात दाखवायचं, म्हणायचं हीच द्या.

मी जीपला टेकून हसत होतो. मॅडम वळल्या. "नाना, तुमच्या खिशात ती डबी कसली वाजते?"

मी डबी उघडून दाखवली. माझं काही चोरीचं नाही.

"ही पांढरी कशाची?"

"गुडघ्याची."

"कुणी दिली?"

"शेजारचे तात्या वारले. त्यांच्या मागे बरीच उरली होती. टाकून द्यायच्या का?"

"तात्या कशाने गेले?"

"ते नाही विचारलं."

रोहिणी सिस्टर तोंडाला रुमाल लावून जीपच्या मागे गेली. मॅडमनी त्यांच्या यंत्रात काहीतरी टिपलं. मी सांगतो, तात्या त्या गोळीने गेले नसणार. मी घेतच होतो की, आणि हा लिहितोय.

फाटा

महामार्गाला लागलो. ऊन कोवळं, दोन्ही हातांना कांद्याची लागवड चाललेली, बायका वाफ्यात ओणव्या, हातात रोपांची जुडी. शहरातला माणूस कांदा महागला की रडतो, ही ओळ किती तास ओणवी असते ते त्याने येऊन बघावं. भिमाच्या गावाचा फाटा दिसला तसा मी इंडिकेटर दिला.

"नाना, सरळ," मॅडम म्हणाल्या. "आधी मालेगाव, येताना हे गाव."

"गाव तर दाराशी आलंय. आधी हे उरकलं तर काय बिघडतं?"

"वेळापत्रक ठरलंय."

वेळापत्रक म्हणजे शिकलेल्या माणसांचं पंचांग. त्यात मुहूर्त बदलत नाही. मी इंडिकेटर बंद केला आणि फाटा मागे सोडला. नंतर चांदवडचा घाट येईपर्यंत मी कुणाशी बोललो नाही. ते कुणाच्या लक्षात आलं नाही याचाही मला राग आला.

मालेगाव

मालेगावात शिरलात की आधी कान भरतात. प्रत्येक गल्लीत माग खडखडतात, दिवसभर. मी लेथवर जन्म आणि एक कान घालवलेला माणूस, मला आवाजाचं कौतुक नको सांगायला, पण तिथे मीही डोकं धरलं. आमच्या कारखान्याला निदान गेट होतं. घरी आलं की आवाज गेटात राहायचा. इथे घर आणि माग यांच्यात एक भिंत.

मॅडम आणि सिस्टर आत बायांमध्ये गेल्या. मी ओट्यावर बसलो. शेजारी उस्मानभाई, जुने विणकर, माझ्याच वयाचे. त्यांनी छोट्या ग्लासात चहा मागवला, दाट, साखरेला कंजुषी नाही. मग खिशातून गोळी काढून चहाबरोबर गिळली.

"काय झालं?" मी विचारलं.

"अरे नाना, मशीन का आवाज सर में घुसता. गोली उसको बाहर निकालती. शाम को फिर घुसता."

आमची गट्टी जमली. मी माझी डबी दाखवली, त्यांनी त्यांची. लहानपणी गोट्या दाखवायचो तशा. मी म्हटलं, ही तपासणी काही खरी नाही, तुमच्या बायका कशाला येतील असल्या कामाला. उस्मानभाईंनी नुसतं गल्लीच्या तोंडाकडे बोट केलं. एक म्हातारी खाला काठी टेकत पुढे आणि तिच्या मागे बुरख्यातल्या बायांची ही रांग. खाला प्रत्येक दारावर काठी आपटत होती आणि ज्या दारातून कुणी निघत नव्हतं तिथे उभी राहून अशी बोलत होती की आतलीला तपासणी परवडली असती. मला खोटं पाडायची माणसांना फार घाई असते.

"आमच्यातही असं कुणी पाहिजे," मी म्हटलं.

"मेरी बीवी के टाइम पे ये खाला नहीं थी," उस्मानभाई म्हणाले. ग्लासातला शेवटचा घोट तसाच राहिला. "वो बीमार थी, बोली नहीं. मैंने पूछा नहीं. दोनों शरीफ."

मागांचा आवाज चालूच होता. मी डबी खिशात घातली. त्या दिवशी पहिल्यांदा मला माझी युक्ती जरा कमी आवडली.

हळदीकुंकू

भिमाच्या गावात तपासणीची तयारी आशाताईंनी केली होती. त्या गावच्या आरोग्याचं बघतात, हुशार बाई. त्यांनी आणि मॅडमनी फोनवर डोकं लढवलं होतं. कॅन्सरची तपासणी म्हटली तर बाया येत नाहीत. कुणी गेली, म्हणजे तिला काहीतरी झालंय, असं गाव धरून चालतं. पण संक्रांतीचे दिवस आहेत. तेव्हा हळदीकुंकू ठेवायचं. बाई तिळगूळ घेईल, वाण घेईल आणि मागच्या खोलीत जाऊन तपासूनही घेईल. गावाने विचारलं तर हळदीकुंकवाला गेले होते.

मलाही ही कल्पना बेस वाटली. वाणाच्या स्टीलच्या वाट्या चांदवडच्या बाजारातून मीच निवडून आणल्या. मॅडम काठापदराची साडी नेसल्या, ती सांभाळताना त्यांची जी तारांबळ उडाली ती बघायला मी वेगळं तिकीटही काढलं असतं. सिस्टरने बाटल्या मांडल्या. ही तपासणी काय असते ते मी विचारून घेतलं होतं. गर्भाशयाच्या मुखाला व्हिनेगर लावतात, जागा बिघडलेली असेल तर पांढरी दिसते. चायनीजच्या गाडीवर मिरच्या ज्याच्यात बुडवतात तेच व्हिनेगर का? मॅडम म्हणाल्या, "नाना, जवळपास तेच." म्हणजे माणसाला जगवायचं औषध बरणीत मिरच्यांवर वाया चाललंय.

समाजमंदिर भरलं. ठेवणीतल्या साड्या, गजरे, हळदीचा वास, तिळाचे लाडू. बाया हसत येत होत्या, वाटी घेत होत्या, मागच्या खोलीत जात होत्या, लाजत बाहेर येत होत्या. मॅडमचा चेहरा फुललेला. मी बाहेर जीपला टेकून एकेक चेहरा बघत होतो. भिमा आली नाही. वाटलं, रानातून यायला उशीर झाला असेल. दुपार कलली. भिमा आली नाही.

मग मी तिच्या घरी गेलो. ती अंगणात कांद्याच्या पाती निवडत बसलेली.

"दादा! कधी आला? निरोप नाय काय नाय."

"तू समाजमंदिरात का नाही आलीस? सगळं गाव तिथं आहे."

तिने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी लहान पोर आणि ती माझी आई. "दादा, डोकं फिरलं का तुझं? हळदीकुंकू हे तिथं."

मी तिच्या तोंडाकडे बघितलं. तिच्या कपाळावर गोंदणाचा ठिपका तेवढा होता. आजूबाजूच्या ओट्यांवर बघितलं. एक काशीबाई, एक सोनाबाई, पलीकडे आणखी दोघीतिघी. सगळ्यांची कपाळं तशीच. गावातल्या ज्या बायांना कुणी बोलावलं नव्हतं त्या सगळ्या त्या गल्लीत कामाला लागलेल्या होत्या, कुणाला काही वाटल्याचं दिसत नव्हतं. त्यांना सवय आहे. मला नव्हती.

घरात पाणी प्यायला गेलो. आरशाच्या चौकटीत गोळ्यांचं रिकामं पाकीट खोचलेलं. गुलाबी रंगाचे डाग राहिलेले. कोपरा फाटलेला, नाव त्याच्याबरोबर गेलेलं.

"हे कशाचं?"

"अंगदुखीचं," भिमा म्हणाली आणि चुलीकडे वळली.

मी आणखी विचारायला पाहिजे होतं. विचारलं नाही. भाऊ आहे ना, शरीफ.

संध्याकाळी आशाताईंच्या ओट्यावर मॅडम चहा पीत खूश होत्या. मी सरळ तोंडावर म्हणालो, "मॅडम, आज तपासलेल्या सगळ्यांच्या कपाळाला कुंकू होतं. ज्यांचं पुसलं गेलं त्यांना हा रोग होत नाही असं तुमच्या पुस्तकात लिहिलंय का?"

मॅडमचा कप हवेत थांबला. त्यांच्या चेहऱ्यावरून सगळं उतरलं. पण बाई पक्की. कप खाली ठेवून म्हणाल्या, "चुकलं. साफ चुकलं. पण नाना, वाण तुम्ही निवडून आणलंत. वाट्या घेताना तुम्हाला सुचलं होतं?"

हे बोलणं मला मुळीच आवडलेलं नाही, म्हणून जसंच्या तसं लिहिलं.

आशाताई म्हणाल्या, "त्यांना पुढच्या महिन्यात वेगळं बोलावते."

"आणि काय सांगशील?" मी म्हटलं. "विधवांची तपासणी आहे, या? कोण येईल?"

"नाना, उद्या सकाळी सटाण्याला पोचायचंय," मॅडम म्हणाल्या. "तिथे बाया ताटकळतील. मी इथे पुन्हा येईन, शब्द देते."

शब्द चांगला होता. पण वेळापत्रकात बसणार कधी, ते मॅडमलाही माहीत नव्हतं.

जीपने हवा घेतली

माझा मुक्काम भिमाकडे, जीप तिच्या दारात. सकाळी मॅडम आणि सिस्टर पिशव्या घेऊन आल्या. मी चावी फिरवली. जीप घरघरली आणि गप्प. पुन्हा घरघरली, पुन्हा गप्प.

"काय झालं?" मॅडम.

"एअर घेतली. डिझेलच्या नळीत हवा शिरली की गाडी उठत नाही. वय झालंय तिचं."

"किती वेळ?"

"आजारी माणसाला किती वेळ असं विचारतात का?"

गावात बंद पडलेल्या गाडीइतकं आमंत्रण दुसरं नाही. लगेच माणसं जमली. धक्का द्या. बॅटरी बघा. नजर लागली, लिंबू बांधा. एकाने तर सल्ला दिला की विकून टाका. त्यांनी जीपला वेशीपर्यंत ढकलत नेलं आणि ढकलत परत आणलं, ती उठली नाही. उठणार कशी? नळीचा नट मीच पहाटे सैल केला होता.

रोहिणी सिस्टर माझ्याशेजारी येऊन बॉनेटमध्ये डोकावली. हळूच म्हणाली, "नाना, गाडीले काय व्हयनं? गाडी ते चांगली शे."

मी म्हणालो, "गाडी याच घरासमोर बिघडलीय."

तिने घराकडे बघितलं. मग माझ्याकडे. मी पान्याकडे बघत राहिलो. ती पिशवी घेऊन आत गेली. काही बायांना अर्धं सांगावं लागतं, हिला पावही पुरलं.

भिमा दारातूनच ओरडली, "अगं पोरींनो, थंडीत कशाला उभ्या? आत या. दादाची गाडी म्हंजी आडमुठा बैल, बाजारला न्यायची सोडून वाटेतच बसती. शेंगोळे टाकते."

मॅडमनी शेंगोळे कधी खाल्ले नव्हते. ज्यांनी खाल्ले नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. हुलग्याचं पीठ मळून हाताने वळ्या करायच्या आणि लसूण-मिरचीच्या रश्शात शिजवायच्या. थंडीत त्याची वाफ नाकात गेली की माणूस सरळ होतो. शहरात याला मोठ्या हॉटेलात गावरान थाळी म्हणून मांडतात, आणि वर टोमॅटोचं फूल ठेवतात.

शेंगोळ्यांच्या वासावर काशीबाई आली. सोनाबाई आली. शेजारणी पीठ मळायला बसल्या. कुणालाही कुणी बोलावलेलं नव्हतं, म्हणून कुणाला वगळलेलंही नव्हतं. मॅडम चुलीपाशी मांडी घालून बसल्या, वळ्या वाकड्या करत होत्या आणि बोलणी खात होत्या.

माझी जीप माजघराच्या खिडकीखाली होती. मी बॉनेटमध्ये वाकलेलो. चांगला कान खिडकीकडे होता, आतलं सगळं ऐकू येत होतं.

"मावशी, ही आरशातली गोळी कशाची?" मॅडम.

"ती होय? सोनाबाईनं दिली."

"मी कशाला? मला काशीबाईनं दिली."

"माझ्या सुनेची उरली होती," काशीबाई म्हणाली. "बाळंतपणानंतर अंगावरून लय जात होतं तिला. मग आम्ही रिकामं पाकीट दाखवून आणायला लागलो. गुलाबी द्या म्हणायचं. तो देतो."

"तुमची पाकिटं आणता का?"

बाया पाकिटं घेऊन आल्या. पाकिटं उलटसुलट करायचा चुरचुर आवाज आला. मग मॅडम म्हणाल्या, "या वेगवेगळ्या गोळ्या आहेत. ही रक्त थांबवायची. ही तर लोहाची. आणि ही झोपेची आहे, मावशी."

"तरीच," सोनाबाई म्हणाली, "मला बरं वाटायचं."

सगळ्या हसल्या. हसणं ओसरलं तेव्हा मॅडमचा आवाज अगदी खाली आला. "भिमामावशी, गोळीने थांबतं का?"

"थांबतं. मग पुन्हा येतं."

"कधीपासून?"

"मागच्या कांदा लागवडीपासून."

म्हणजे सगळं वर्ष. या वर्षात ती भाऊबीजेला आमच्याकडे येऊन गेली होती, मला ओवाळलं होतं, पुरणपोळ्या लाटल्या होत्या. मी पाना घेऊन लोखंडावर ठणाठणा वाजवायला लागलो. पुढचं मला ऐकायचं नव्हतं.

बाज आडवी करून माजघराला लुगड्याचा पडदा झाला. एकेक बाई आत गेली, बाहेर आली. भिमा सगळ्यात शेवटी. बाकीच्यांचं हसणं अंगणात चालू होतं. पडदा बराच वेळ हलला नाही.

मॅडम बाहेर आल्या त्या सरळ माझ्याकडे. त्यांच्या हाताला अजून हुलग्याचं पीठ लागलेलं होतं, नखांच्या कडेला.

"नाना, गाडी दुरुस्त होईल?"

"सटाण्याला?"

"सटाण्याला नाही, तिथे मी फोन केला. नाशिकला. भिमामावशींना मोठ्या दवाखान्यात न्यायचं. आज."

मी नट आवळायला घेतला. जन्मभर मी लेथवर केसाएवढा फरक बोटाने ओळखत आलो. तो नट मला बसेना. पाना घसरायचा. रोहिणी सिस्टरने माझ्या हातून पाना काढून घेतला, नट आवळला, मी दाखवला तो हातपंप मारून नळीतली हवा काढली.

"माले सकाळीच समजनं व्हतं," ती म्हणाली. "चावी फिरवा आता."

जीप एका झटक्यात उठली. जमलेली माणसं म्हणाली, बघा, बाईचा हात लागला.

भिमा यायला तयार नव्हती. "कांदे कोण बघंल? भाऊबीजेला येऊन गेले की. आता काय काम हे?"

"तुझ्या वहिनीनं तिळगूळ करून ठेवलाय."

"खोटं बोलताना तुझे कान हलत्यात, दादा. लहानपणापासून."

काशीबाई म्हणाली, "जा गं. तुझे कांदे आम्ही लावू." भिमाने चूल विझवली, आरशातलं पाकीट काढून कमरेला खोचलं आणि पुढच्या सीटवर माझ्या शेजारी येऊन बसली. नाशिक येईपर्यंत आम्ही दोघं कांद्याच्या भावाबद्दल बोललो. मागच्या सीटवर दोन शिकलेल्या बाया, त्यांनीही आम्हाला बोलू दिलं. त्याबद्दल मी त्यांना पुष्कळ माफ केलं आहे.

दवाखाना

शेवट आधी सांगून टाकतो, वाचणाऱ्याला टांगून ठेवायची मला हौस नाही. भिमाला तो रोग निघाला. पसरलेला नाही, असं डॉक्टर म्हणतात. किरणांचे शेक चालू आहेत, ती आमच्याकडेच आहे, थकते, पण हौसाच्या स्वयंपाकाला नावं ठेवण्याइतकी ताकद आहे. माझी डबी तिने मोरीत ओतली. तात्यांच्या गोळ्या अशा वाया गेल्या. डॉक्टर म्हणतात बरं होण्याची चांगली आशा आहे. आशा किती, ते मी विचारलेलं नाही. सगळंच विचारायला मी काही मॅडम नाही.

पण त्या पहिल्या दिवसाचं एक राहिलं. मॅडम आत कागद करायला गेल्या होत्या आणि आम्ही दोघं खिडकीपुढच्या रांगेत. ही लांबलचक रांग, पुढे मागे बाया, पुरुष, लेकरं. खिडकीतल्या माणसाने मान वर न करता विचारलं, "काय त्रास?"

भिमा खाली बघायला लागली. पदर तोंडाला. तो पुन्हा म्हणाला, "अहो, त्रास काय? कोणत्या डॉक्टरकडे पाठवू?"

मी इकडे तिकडे बघितलं. सांगायला तिथे हौसा नव्हती, मॅडम नव्हत्या, सिस्टर नव्हती. जीपही नव्हती, नाहीतर तिच्यात हवा भरली असती. मग मी बोललो. कारखान्यात एक कान गेलेल्या माणसाचा आवाज जेवढा असतो तेवढ्या आवाजात बोललो. "माझी बहीण आहे. हिला अंगावरून रक्त जातंय. पाळी जाऊन वर्षं झाली, तरी वर्षभर जातंय. गर्भाशयाचं तोंड तपासायचंय."

सगळी रांग वळली. एका पोराच्या हातातलं बिस्किट तसंच राहिलं.

"हळू बोल की दादा," भिमा पदरातून म्हणाली.

"का? आपण काय कुणाचे कांदे चोरलेत?"

खिडकीतल्या माणसाने आता मान वर केली, चिठ्ठी दिली. आम्ही बाजूला झालो. तेवढ्यात रांगेतली एक बाई, चांगली साडी, कपाळाला ठसठशीत कुंकू, आपला नंबर सोडून भिमाजवळ सरकली. इकडे तिकडे बघत तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटली. मला एक अक्षर ऐकू आलं नाही. भिमाला आलं.

भिमाने पदर तोंडावरून काढला. तिचा हात धरला आणि माझ्याकडे बोट करून म्हणाली, "मोठ्यानं बोल, बाई. माझ्या दादाला कमी ऐकू येतं, अन खिडकीत तोच सांगणार हे."